ठिबकचा आराखडा तपासा, मगच इसार द्या

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जाणारी हिरवी मिरची भर उन्हाळ्यात लावलेली असते. तेव्हा विहिरीत पाणी मोजकंच असतं, म्हणून ठिबक चुकलं तर पुन्हा लावणीला वेळ उरत नाही. विक्रेता कोटेशनसोबत आराखडा देतो, पण बहुतेकांची नजर शेवटच्या रकमेवरच थांबते. ती रक्कम ज्या आकड्यांतून येते ते आराखड्यात असतात आणि ते तपासायला टेप, 200 लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं.

आधी नळीची लांबी काढा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. ओळींत 4 फूट अंतर असेल तर भागाकार 10,890 फूट, म्हणजे सुमारे 3,320 मीटर नळी लागते. अंतर 5 फूट ठेवलं तर 2,655 मीटर. मीटरला 10 रुपये धरले तरी एकरी साडेसहा हजारांहून जास्त फरक पडतो. सातबाऱ्यावर एकर असला तरी बांध, विहीर, रस्ता वजा करून लागवडीखालचं क्षेत्र टेपने मोजा आणि तेच आराखड्यात आहे का बघा.

सगळ्यात महागात पडते ती पाण्याच्या हिशेबातली चूक, आणि ती कोटेशनमध्ये दिसत नाही. 4 फुटांवरच्या नळीला 40 सेंटिमीटरवर ताशी 4 लिटरचे ड्रिपर असतील, तर एकरात सुमारे 8,300 ड्रिपर होतात. सगळे एकदम चालवायचे तर ताशी 33 हजार लिटर पाणी हवं. आता मोटार चालू करून ड्रम भरायला लागणारा वेळ मोजा. 30 सेकंदांत भरला तर मोटार ताशी 24 हजार लिटर देते. शिवाय हे पाणी उघड्या तोंडातून पडतंय, फिल्टर आणि ड्रिपरच्या दाबासमोर ते आणखी कमी होणार. अशा वेळी एकराचे किमान दोन भाग आणि दोन वॉल्व्ह आराखड्यात हवेत. एकच वॉल्व्ह असेल तर शेवटच्या ओळी तहानलेल्या राहतील.

दोन भाग केल्यावर एका वेळी ताशी साडेसोळा हजार लिटर वाहतं. त्यासाठी मुख्य पाइप 63 मिलिमीटरचा दाखवला असेल तर पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जातो. 75 चा मागा. जमीन उताराची असेल तर नळ्या उताराला आडव्या हव्यात, कारण 10 मीटर उंचीच्या फरकाने दाब एक किलोने बदलतो. पाणी शेततळ्याचं असेल तर शेवाळासाठी वाळूचा फिल्टर लागतो, नुसती जाळी पुरत नाही. सबमेनच्या टोकाला फ्लश वॉल्व्ह नसेल तर तोही लिहून घ्या. इनलाइन नळीवर आयएस 13488 आणि पीव्हीसी पाइपवर आयएस 4985 छापलेलं असावं.

अनुदानाचा हिशेबही याच कागदावर उभा आहे. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे 25 आणि 30 टक्के पूरक मिळून ते 80 आणि 75 होतात. पण टक्के शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजले जातात. बिल त्याहून वर गेलं तर वरचा सगळा भार तुमचा. महाडीबीटीवर पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक संचावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. जुन्या कोटेशनमध्ये 12 दिसले तर नवं मागून घ्या.

जोडणी झाल्यावर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीच्या टोकाच्या ड्रिपरखाली डबा ठेवा. ताशी 4 लिटरचा ड्रिपर 15 मिनिटांत एक लिटर देतो. सगळ्या डब्यांतला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. ही चाचणी होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट कोटेशनवरच लिहून घ्या, आणि त्याखाली विक्रेत्याची सही घ्या.