माशाच्या जनुकांत दडलेलं करिअर

नॉर्वेत १९७५ साली सॅमन माशाच्या अंगावर एक परजीवी कृमी सापडला. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाल्टिकला मिळणाऱ्या नद्यांतले सॅमन त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत, त्यांतल्या कित्येक कुळांना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. नॉर्वेतल्या त्याच जातीच्या सॅमनची पिल्लं मात्र पटापट मरू लागली. फरक होता जनुकांचा.

या कृमीच्या पोटात पिल्लू असतं आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू वाढू लागलेलं असतं, त्यामुळे वंश वाढवायला एकटा कृमीही पुरतो. मासा माशाला घासला की तो पसरतो. रेनबो ट्राउट हा मासा तर आजारी न दिसताही त्याला सोबत नेतो. हा परजीवी हटवण्यासाठी नॉर्वेने रोटेनोन हे विष टाकून लागण झालेल्या नद्यांतले सगळे मासे मारले आणि जनुक-पेढीत जपलेल्या मूळ वाणाची पिल्लं पुन्हा सोडली. परजीवी कुठून आला हे त्याच्या डीएनएवरून शोधणं, कोणतं कूळ तग धरतं ते ओळखणं, हे काम करणारी माणसं लागतात. तुमच्या मुलीला जीवशास्त्र आवडतं आणि डॉक्टर व्हायचं नाही, तर घाबरू नका. तिला ही वाट दाखवा.

बारावी विज्ञाननंतर मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथे मिळते. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत मत्स्य-आनुवंशिकी किंवा जलचर-आरोग्य हे विषय घेता येतात. ट्राउटचाच अभ्यास करायचा असेल तर उत्तराखंडात भीमतालला शीतजल मत्स्यसंशोधन संस्था आहे.

आपल्याकडेही हे काम आहे. रोहूच्या तळ्यांत अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ, मत्स्यपालकाला नुकसानीत घालते. निवड-पैदाशीतून घडलेली ‘जयंती’ रोहू तर भुवनेश्वर आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी मिळून तयार केली.

एक गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी: नुसत्या पदवीवर संशोधन मिळत नाही. एमएफएससी (मत्स्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी) आणि पीएचडी धरून आठ-दहा वर्षं जातात. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग टाळून चालणार नाही. माझ्या मते ते पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू करावं. नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत २०२३पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क पडतं, म्हणून पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढून धावू नका. तिथली पीएचडी मात्र बहुधा पगारी नोकरी असते. तेव्हा एमएफएससी इथे करा, प्रबंध चांगला लिहा आणि मग अर्ज करा.