नळीने अन्न : केव्हा द्यावे, केव्हा थांबवावे?



घरातील आजारी माणूस जेवेनासा झाला की डॉक्टर विचारतात, "नळी घालू या का?" 'नको' म्हटले तर आपण त्याला उपाशी मारले, ही टोचणी वर्षानुवर्षे राहते. म्हणून ख्रिस्तसभेची शिकवण समजून घेऊ या.

दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांविषयी बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये सांगितले, की नळीने दिलेले अन्नपाणी हीदेखील मूलतः साधी शुश्रूषाच आहे. ते देणे तत्त्वतः कर्तव्य आहे. मात्र त्यातून पोषण मिळावे व त्रास कमी व्हावा. २०२० मध्ये व्हॅटिकनने 'सामारितानुस बोनुस' या पत्रात स्पष्ट केले, की शरीर अन्नपाणी शोषून घेऊ शकत नसेल तर ते थांबवावे.

आता उदाहरणे पाहू. अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ आहे, घास उतरत नाही. पण भूक आहे, आतडी चालू आहेत. अशा वेळी नाकातून किंवा पोटाला लहानसे छिद्र पाडून घातलेली नळी बहुधा योग्य ठरते. 'आता वय झाले' हे ती नाकारण्याचे कारण नव्हे.

उलट, कॅन्सरने आतडेच बंद झाले असेल तर अन्न पुढे सरकत नाही. उलट्या व पोटफुगी वाढते. तिथे सर्जन कधीकधी जठरात नळी घालतात, ती साचलेले बाहेर काढण्यासाठी. अगदी शेवटच्या दिवसांत तर भूकच मावळते. तेव्हा माणूस जेवत नाही म्हणून मरत नसतो. मरणाच्या वाटेवर असतो म्हणून जेवत नाही. बळेच दिलेले अन्न फुप्फुसात जाऊ शकते.

नळी हे साधन आहे. रुग्णाचे भले हे साध्य. मरण यावे म्हणून नळी काढणे पाप आहे. तिचा उपयोग संपला म्हणून थांबणे हा मरणाचा नम्र स्वीकार आहे.

डॉक्टरांना विचारा : शरीर हे अन्न पचवील का? त्रास कमी होईल की वाढेल? काही दिवस देऊन पुन्हा विचार करता येईल का? आणि शुद्धीवर असेल तर आधी रुग्णालाच विचारा.

नळी नसली तरी सेवा संपत नाही. ओठ ओले करा, हात धरून बसा, रोझरी म्हणा. रुग्णाभ्यंगासाठी आम्हाला वेळेवर, शुद्ध असतानाच बोलवा. गिळता येत असेल तर ख्रिस्तप्रसादाचा लहानसा तुकडा हेच त्याचे अखेरच्या प्रवासाचे अन्न.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू