विजापूरची सहल : पाहिलेले, लिहिलेले आणि सांगितलेले

सोलापूर जिल्ह्यातील शाळांना जुनी राजधानी पाहावयाची झाल्यास विजापूर हे एक जवळचे स्थळ होय. सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील या नगराचे अधिकृत नाव २०१४ पासून विजयपुर असे आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूसुफ आदिलखानाने येथे स्थापिलेली सत्ता १६८६ मध्ये औरंगजेबाने संपविली. शहाजीराजांनी याच दरबारी चाकरी केली. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी आदिलशाही व निजामशाही यांच्यात वारंवार झगडा झाला. म्हणजे विजापूर पाहणे हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाचे एक पान उलगडणे होय.

परंतु पुष्कळ सहलींत काय घडते? गाडी गोलघुमटापाशी थांबते, मार्गदर्शक, म्हणजे गाईड, ठरविला जातो आणि मुले त्याच्यामागे धावत सुटतात. गुरुजी डोकी मोजण्यात गुंतलेले असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले असता ‘आवाज सात वेळा घुमतो’ एवढेच मुलांना सांगता येते. सहल झाली, शिक्षण राहिले! हे टाळावयाचे असेल तर पाठाची सूत्रे शिक्षकाने आपल्या हाती ठेवली पाहिजेत.

पूर्वतयारी : शक्य झाल्यास शिक्षकाने स्वतः एकदा आधी जाऊन यावे. मुलांना प्रथम जवळचा एखादा किल्ला दाखवावा. शाळेच्या पटांगणात दोरी व खुंट्या घेऊन एक चौरस आखावा. त्याच मध्यबिंदूभोवती अर्ध्या काटकोनात फिरवून तेवढाच दुसरा चौरस आखावा. मधोमध अष्टकोन उमटलेला मुलांना दिसेल. गोलघुमटाच्या आतील आठ कमानी अशाच एकमेकींना छेदतात व मध्ये एकही खांब नसता एवढा घुमट तोलून धरतात. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तर पलीकडच्या भिंतीवरून टाळी परत यावयास किती वेळ लागेल, हे गणित वर्गातच सोडवून घ्यावे. उत्तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते.

वहीतील तीन रकाने : प्रत्येक मुलाने वहीत ‘पाहिले’, ‘लिहिलेले वाचले’ व ‘कोणी सांगितले’ असे तीन रकाने आखावेत. सहलीचा खरा पाठ येथेच आहे.

प्रत्यक्ष सहल : सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी, घुमटाच्या सज्जात जावे. जिने अरुंद आहेत. लहान गट करून प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक असावा. मार्गदर्शकाने आकडा सांगण्यापूर्वी एकाने टाळी वाजवावी व इतरांनी प्रतिध्वनी मोजावेत. आकडे जुळले नाहीत तर चांगलेच. का जुळले नाहीत याची चर्चा होईल. दक्षिण दरवाजावरील फार्सी लेखातून मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचे हिजरी वर्ष १०६७, म्हणजे इ. स. १६५६, मिळते. हे ‘लिहिलेले’ होय. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरास ओतली गेली व १६३२ मध्ये परांड्याहून येथे आली. परांडा बार्शीपासून दूर नाही, हे नकाशात दाखवावे. तोफ ओढण्यास किती हत्ती व किती बैल लागले, हे मात्र ‘सांगितलेले’ आहे.

सर्वांत अधिक जपावयाचे स्थळ म्हणजे साठ कबर. शिवाजी महाराजांवरील स्वारीस १६५९ मध्ये निघण्यापूर्वी अफझलखानाने आपल्या बायकांना ठार केले, अशी कथा तेथे ऐकावयास मिळते. मुलांना कबरींच्या रांगा दिसतात. त्या पहिल्या रकान्यात जाव्यात. कथा तिसऱ्या रकान्यात जावी. निरनिराळ्या घरांतील मुले एकाच वर्गात शेजारी बसतात. ऐकीव कथा इतिहास म्हणून मनात रुजली तर तिचे शल्य वर्गमित्राला टोचते, आणि ते काढणे पुढे फार कठीण जाते. याच दरबारातील दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपल्या ‘किताब-ए-नौरस’मध्ये सरस्वतीचे स्तवन केले, हेही मुलांना कळू द्यावे.

यात मार्गदर्शकाचा अवमान होता कामा नये. तो आपल्या गावाची आठवण जपणारा मनुष्य आहे. मुलांना आदराने विचारावयास शिकवावे, ‘काका, हे कोठे लिहिले आहे?’ उत्तर मिळाले तर ज्ञानात भर पडेल; न मिळाले तर तेही नोंदवावे.

सहलीनंतर : वह्या एकत्र वाचाव्यात व तिसऱ्या रकान्यातील कोणती नोंद दुसऱ्यात नेता येईल, याचा शोध ग्रंथालयात घ्यावा. पुढे गावातील देऊळ, वेस, दर्गा यांच्याविषयी मुलांनी हेच तीन रकाने भरावेत. ऐकलेले व सिद्ध झालेले यांतील अंतर ज्या मुलाला ओळखता आले, त्याची सहल सार्थकी लागली असे समजावे.