जक्कयाचा हिशेब

वाचन : लूक १९:१-१०



"प्रभु" हा शब्द आपल्या मुखीं फार येतो. प्रार्थनेच्या आरंभीं तो असतो, शेवटींही असतो. पण त्याचा अर्थ काय, ह्याचा विचार आपण क्वचितच करितों. नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत हा शब्द 'कुरियोस' असा आहे, व त्याचा साधा अर्थ धनी, मालक. ह्याच अध्यायांत पुढें (१९:३३, ३४) शिंगराच्या धन्यांनीं शिष्यांस हटकिलें असें सांगितलें आहे. तेथें त्या धन्यांस जो शब्द लाविला आहे, तोच लागलीच येशूस लाविला आहे. येशूस प्रभु म्हणणें म्हणजे माझें शेत, माझा पैसा व माझी जीभ ह्यांचा धनी मी नव्हें, तो आहे, असें कबूल करणें होय.

ही कबुली कोठें दिसून यावी, हें जक्कयापासून शिकूं या. तो यरीहो नगरांत राहत असे. तें नगर यार्देनेकडून यरुशलेमेस जाणाऱ्या मार्गावर होतें, व खजुरीच्या बागांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथें जकातीचें उत्पन्न मोठें, आणि जक्कय तर मुख्य जकातदार. ठरलेल्यापेक्षां अधिक घेण्याची खोड त्या धंद्यास जडली होती, हें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बोधावरून कळतें (लूक ३:१३). अशा मनुष्यास प्रभूनें उंबराच्या झाडावरून नांवानें हाक मारून खालीं बोलाविलें व तो त्याच्या घरीं उतरला. लोक कुरकुर करूं लागले.

प्रभूनें त्याजकडे पैसा मागितला, असें लूक सांगत नाहीं. तरी जक्कय उभा राहून "प्रभु" म्हणाला, आणि त्याच वाक्यांत त्यानें तिजोरी उघडिली. अर्धें धन दरिद्र्यांस, आणि ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट परत! नियमशास्त्राप्रमाणें आपला अपराध आपण होऊन पदरीं घेणाऱ्यानें मुद्दल व त्यावर पांचवा हिस्सा भरावयाचा होता (गणना ५:७). चौपट भरपाई मेंढरूं चोरून तें कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरास सांगितली होती (निर्गम २२:१). जक्कयानें सवलतीचा नियम सोडून चोराचा नियम आपणांस लावून घेतला.

आतां लूक ६:४६ उघडून पाहा. तेथें लोक "प्रभु" हा शब्द दोनदां उच्चारितात, पण तो सांगतो तें करीत नाहींत. जक्कयानें तो एकदांच उच्चारिला, व हिशेब चुकता करावयास उभा राहिला.

पैसे देऊन त्यानें तारण विकत घेतलें, असें मात्र कोणीं समजूं नये. प्रभु आधीं घरीं आला, मग हिशेब झाला. कृपा पुढें चालते, आज्ञापालन तिच्या मागून येतें. पण तें येतेंच. जेथें तें मुळींच येत नाहीं, तेथें धनी घरांत शिरला कीं ओट्यावरच उभा राहिला, हें ज्याचें त्यानें विचारावें.

लेवीनें प्रभूच्या हाकेसरशीं सर्व सोडिलें (लूक ५:२८). जक्कयास धंदा सोडण्याची आज्ञा झाल्याचें लिहिलेलें नाहीं. पुष्कळांस प्रभु त्यांच्याच शेतांत, दुकानांत व चुलीपाशीं ठेवितो आणि तेथेंच आपली सत्ता चालवितो. म्हणून रविवारीं मंदिरांत घेतलेल्या नांवाची पारख सोमवारीं बांधावर होते. दिवसा शेजाऱ्याचा बांध कोरावा आणि रात्रीं कुटुंबप्रार्थनेंत "प्रभु" म्हणावें, हें जुळत नाहीं. शेताची खूण सरकविण्यास देवानें मना केलें आहे (अनुवाद १९:१४). दुधांत घातलेलें पाणी, वजनांत मारलेला काटा, मजुराची अडकवून ठेविलेली मजुरी (लेवीय १९:१३), पत्नीवर उगारलेला हात, भावाशीं जमिनीवरून धरलेला अबोला, ह्या ठिकाणीं अद्यापि आपणच धनी होऊन बसलों आहों.

कोणी म्हणेल, जक्कय श्रीमंत होता, आम्ही गरीब. चौपट कोठून आणावें? बंधूंनो, चौपट देण्याची आज्ञा त्यालाही नव्हती. ज्यास एकदम फेडतां येत नाहीं, त्यानें सावकाराच्या किंवा वाण्याच्या दारीं जाऊन रक्कम कबूल करावी, व थोडथोडें फेडण्याचा वायदा करून तो पाळावा. तोंड चुकविण्यापेक्षां हें कठीण आहे खरें; पण प्रभु आपल्याबरोबर त्या दारापर्यंत येतो.

उपदेशक बंधूंस विशेष सांगणें आहे. गांव आपलें शास्त्र वाचीत नाहीं. तें आपला व्यवहार वाचतें. ज्याची उधारी आपण थकविली, तो आपलें भाषण ऐकेल, परंतु ऐकतां ऐकतां मनांत आपली वही उघडील.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न :
१. जक्कयानें हिशेब केला तो प्रभु घरीं येण्यापूर्वीं कीं नंतर? ह्यावरून काय शिकावें?
२. आपल्या गांवांत कोणत्या व्यवहारांत ख्रिस्ती मनुष्याची पारख होते?
३. येत्या रविवारच्या आंत आपणांस कोणाच्या दारीं जावयाचें आहे?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें सांगूं नये. तें प्रभूस सांगावें, आणि उठून जावें.