आशेला विवेकाची जोड : कर्करोग आणि पर्यायी औषधांचा शोध



घरात कर्करोगाचे निदान झाले की आठवडाभरात दोन गोष्टी जमा होतात : रिपोर्टांची फाइल आणि सल्ल्यांचा ढीग. कोणी गोमूत्र सुचवते, कोणी हळद-कडुनिंब. अलीकडे आणखी एक सल्ला मोबाइलवर फिरतो आहे. जंतांची गोळी घ्या, मधुमेहाची गोळी घ्या, जुने स्वस्त औषध आहे, कंपन्यांना त्यात नफा नाही म्हणून डॉक्टर सांगत नाहीत. सल्ला देणारे बहुधा प्रेमापोटीच देतात. परंतु शस्त्रक्रियेची तारीख हातात असताना ‘आधी दोन महिने हे करून बघू’ असे ठरले, तर ते दोन महिने परत मिळत नाहीत. म्हणून या विषयाचा शांतपणे अभ्यास करू या.

१. रुग्ण पर्याय का शोधतो?

त्याला हसण्यापूर्वी त्याची बाजू समजून घेतली पाहिजे. केमोथेरपीची भीती, केस गळणे, उलट्या, खर्च, ओपीडीतील लांब रांग आणि डॉक्टरांकडे बोलायला पाच मिनिटे. घरगुती उपाय मात्र हातात असतो, तो आपण स्वतः करतो आहोत असे समाधान मिळते. ही गरज खरी आहे. तिचा अनादर केला तर रुग्ण उपाय सोडत नाही, फक्त लपवून घेऊ लागतो, आणि ते जास्त धोक्याचे असते.

२. जुन्या औषधाला नवे काम मिळते, हे खरे आहे

एका आजाराचे औषध दुसऱ्या आजारावर उपयोगी पडणे ही अफवा नाही. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेसाठी विकले जाऊ लागले. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. १९६४ मध्ये जेरुसलेममधील एका डॉक्टरांना दिसले की, कुष्ठरोगातील वेदनादायक प्रतिक्रिया त्याने शमते. पुढे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांना ते दिले गेले. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना गुण आला, आणि तो निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली.

दुसरे उदाहरण आर्सेनिकचे, म्हणजे आपल्याकडील सोमलाचे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका विशिष्ट रक्तकर्करोगावर त्याचा अभ्यास सुरू केला. आज त्या आजारात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधासोबत ते दिले जाते आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. पण ते शुद्ध केलेले, मोजून शिरेतून दिलेले आणि हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून वापरलेले औषध आहे. पुडीतला सोमल म्हणजे विषच.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या नेतृत्वाखाली ११ रुग्णालयांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० स्त्रियांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचे साधे, स्वस्त इंजेक्शन दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्या गटातील ८६.४ टक्के. ‘स्वस्त औषधावर कोणी संशोधन करत नाही’ या समजाला हे उत्तर आहे. मात्र हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या ऐवजी दिलेले नव्हते, शस्त्रक्रियेसोबत दिलेले होते.

३. आशा असते, पण कसोटीवर उतरत नाही

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल शास्त्रज्ञांनाही मोठी आशा होती. स्तनाच्या कर्करोगाच्या ३६४९ रुग्णांवर, ज्यांना मधुमेह नव्हता, तिची चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : आजार परत येण्याचे प्रमाण तिने कमी झाले नाही.

जर्दाळूच्या बीपासून मिळणाऱ्या द्रव्याशी संबंधित लेट्राइलचा १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठा गवगवा झाला. १७८ रुग्णांवर चाचणी झाली, १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फायदा दिसला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण धोक्याच्या जवळ गेले.

फेनबेंडाझोल हे जनावरांच्या जंतांचे औषध आहे, माणसासाठी त्याला मान्यता नाही. आयव्हरमेक्टिन माणसांना परजीवींसाठी देतात. दोन्ही औषधांनी काचेच्या बशीतील कर्करोगपेशी मरतात असे प्रयोग आहेत. पण बशीत पेशी मारणे सोपे असते. तेवढे औषध रक्तात पोहोचले पाहिजे आणि यकृत शाबूत राहिले पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य त्यांनी वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

४. एकतर्फी खातेवही

‘अमुक बरा झाला’ ही गोष्ट आपल्यापर्यंत येते. तोच उपाय करून जे गेले, ते सांगायला येत नाहीत. ज्या वहीत फक्त जमा लिहितात आणि नावे लिहीतच नाहीत, तिचा ताळेबंद नेहमी नफाच दाखवणार. शिवाय बरा झालेल्याने शस्त्रक्रिया आणि केमो घेतलेले असते, श्रेय मात्र हळदीला जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका दाव्यानंतर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना जाहीर निवेदन काढून, उपचार लांबवू नका, असे सांगावे लागले.

दोन्ही बाजू लिहिलेली वही काय सांगते? अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न पसरलेला कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपाय निवडणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना रूढ उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पर्यायी गटात मृत्यूचा धोका अडीचपट होता, आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक.

५. विवेकाचे पाच प्रश्न

कोणताही नवा उपाय समोर आला की स्वतःला विचारावे :

• हा उपाय माणसांवर तपासला आहे, की फक्त बशीत आणि उंदरांवर?
• तो उपचारासोबत घ्यायचा आहे, की उपचार सोडून?
• माझ्या चालू औषधांशी त्याचा संघर्ष होईल का? काढे आणि गोळ्याही यकृतातूनच जातात.
• सांगणाराच तो विकतो आहे का? कर्करोग बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.
• माझ्या डॉक्टरांना हे सांगायला मी तयार आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तेथेच थांबावे. खरोखर नवे औषध हवे असेल, तर आपल्या आजारासाठी नोंदणीकृत चाचणी चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यातही काही गैर नाही.

६. साधनेचे स्थान

ध्यान, प्राणायाम, नामस्मरण गाठ विरघळवण्यासाठी नाहीत. ते त्या गाठीसह जगणाऱ्या मनासाठी आहेत. कर्करोगाच्या रुग्णांची चिंता आणि नैराश्य कमी करण्यासाठी सजगतेच्या सरावाची शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ मध्ये केली आहे. साधनेला तिचे स्वतःचे काम करू द्यावे, औषधाचे काम तिच्यावर लादू नये. तसे लादले, तर आजार वाढल्यावर रुग्णाला वाटते की आपली श्रद्धाच कमी पडली. आधीच दुःखी असलेल्या जीवावर हे दुसरे ओझे टाकणे सेवा नव्हे.

आणि जेव्हा आजार बरा होणार नाही असे डॉक्टर सांगतात, तेव्हाही उपचार संपत नाहीत. वेदना शमवणारी पॅलिएटिव्ह सेवा हाही उपचारच आहे. ती लवकर मागावी.

मनन आणि कृती

• या आठवड्यात आपण कोणाला औषधाचा सल्ला पुढे पाठवला का? पाठवण्यापूर्वी वरचे पाच प्रश्न विचारले होते का?
• परिचयातील एका रुग्णासोबत रुग्णालयात जावे, रांगेत उभे राहावे, फाइल तारखेप्रमाणे लावून द्यावी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत.
• रुग्ण काही गुपचूप घेत असेल तर रागावू नये. ती बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवण्यास प्रेमाने तयार करावे.

रुग्णाला उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण त्याच्या शेजारी बसणारे होऊ या.