मूत्रपिंडाचा विकार आणि पोटॅशियम

शहाळ्याचे पाणी आजाऱ्याला हितकर, मग मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टर ते का वर्ज्य करतात, असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात.

उदाहरणादाखल आयजीए नेफ्रोपथी घेऊ. पॅरिसच्या झाँ बर्जे आणि निकोल अँग्ले यांनी १९६८ साली वर्णिलेला हा स्वप्रतिरक्षाजन्य विकार. यात शरीराचीच प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत साचून दाह निर्माण करतात. खनिजांच्या कमीअधिक प्रमाणाने हे दुखणे जडत नाही. गाळण्या निकामी होऊ लागल्या की मग खनिजांचा तोल जातो. हा क्रम पक्का ध्यानात ठेवावा.

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात लिटरमागे केवळ ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट! या तफावतीवरच हृदयस्नायूंचे विद्युत्कार्य चालते. जादा पोटॅशियम मुख्यतः मूत्रावाटे जाते. ती वाट अरुंद झाली की रक्तातील पातळी चढते, ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय थांबते. तोवर रोगी ठणठणीतही दिसतो. शहाळ्यात पोटॅशियम विपुल, म्हणून ही मनाई. अर्थात रक्तातील पातळी योग्य असल्यास सरसकट बंदीचे कारण नाही.

मूत्रातून जाणारी प्रथिने रोखणारे रॅमिप्रिल मोलाचे औषध, पण तेही पोटॅशियम वाढवते; म्हणून वरचेवर रक्ततपासणी हवी. मला अधिक भय वाटते ते ‘कमी सोडियम’च्या मिठाचे. रक्तदाबासाठी मीठ कमी खावे हे खरेच. परंतु या पुड्यांत सोडियमऐवजी बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते.