दोन काटे एकदम पडतात तेव्हा

प्रश्न : जुन्या कारचे पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे अधूनमधून एकदमच शून्यावर येतात, खड्ड्यात आपटलं की पुन्हा उठतात. गॅरेजवाले टाकीतला फ्लोट बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : नको. फ्लोट मागे टाकीत, टेंपरेचरचा सेन्सर पुढे इंजिनावर. दोन्ही एकाच क्षणी बिघडून एकाच क्षणी सुधारतील हे पटत नाही. दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. जुन्या गाड्यांत या मीटरना बहुधा एकाच व्होल्टेज रेग्युलेटरमधून वीज मिळते. त्याची अर्थिंग तुटली तर काटे सहसा वर चढतात. तुमचे खाली पडतात, म्हणजे पुरवठाच खंडित होतो. काटे पडलेले असताना इंजिन बंद करून चावी ऑन ठेवा आणि ऑइल व बॅटरीचे दिवे पाहा. तेही विझलेले असतील तर फ्यूज किंवा मीटरमागचा कनेक्टर तपासा. दिवे लागत असतील तर बहुधा रेग्युलेटर सैल आहे किंवा मीटरमागच्या तांब्याच्या पट्टीला बारीक तडा आहे. भिंगाखाली ती केसासारखी रेघ दिसते.

‘फ्लोट बदलल्यावर काटा चालू लागतो’ असं कुणी म्हणेलही. पण अधूनमधून येणारा दोष काही न करताही चार दिवस गप्प बसतो, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही. आधी बॅटरीची वायर काढा, मग कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घट्ट बसवा. दुरुस्ती होईपर्यंत मात्र घाटात गाडी नेऊ नका. इंजिन तापलं तरी काटा सांगणार नाही.